बंद पडण्याची खात्री

मोटारीची किल्ली काढली की प्लगकडे जाणारी वीज तुटते. पिस्टन इंजिनाच्या विमानात नेमकं उलटं आहे. तिथे किल्ली 'ऑफ'ला नेली की वीज तुटत नाही, एक तार जोडली जाते. पी-लीड म्हणतात तिला. मॅग्नेटोच्या प्रायमरी कॉइलपासून निघून ती स्विचपर्यंत येते, स्विच तिला अर्थ करतो, आणि तेवढ्यानंच ठिणगी थांबते. ही तार कुठे तुटली तर मॅग्नेटो कायमचा चालू. मास्टर स्विच बंद करा, बॅटरी काढून ठेवा, किल्ली खिशात घालून घरी जा. सिलिंडरात थोडी वाफ उरली असेल आणि कुणी प्रॉपेलर, म्हणजे प्रॉप, हातानं फिरवला, तर तो हात तोडून नेईल. म्हणून आमच्या हँगरमध्ये प्रॉपला टेकून गप्पा मारणाऱ्याला शिव्या बसतात, मग तो चीफ इन्स्ट्रक्टर का असेना.

या उलट्या मांडणीमागे हिशेब आहे. मॅग्नेटोला कुणाच्या विजेची गरज नाही. आत कायमचं चुंबक, त्याभोवती कॉइल, आणि फिरवायला इंजिन स्वतः. हवेत अल्टरनेटर गेला, बॅटरी उतरली, रेडिओ मुका झाला, तरी इंजिन चालत राहतं. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानावरही मॅग्नेटोच होता. इंजिन सुरू करायला बॅटरी वापरायची आणि ती जमिनीवरच ठेवून उडायचं, अशी सोय होती. आमच्या सेस्ना १७२च्या इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक गेला तर दुसरा घरी आणतो.

उड्डाणाआधी रन-अपमध्ये यांची परीक्षा होते. १७२च्या जुन्या मॉडेलांत १७०० आरपीएमला किल्ली आधी एका मॅगवर, मग दुसऱ्यावर. एकाच प्लगवर सिलिंडरातली आग पसरायला जास्त वेळ लागतो, म्हणून फेरे कमी होतात. १२५पर्यंतची घट चालते, दोन्हींतला फरक ५०च्या आत हवा. विद्यार्थी घट मोठी दिसली की घाबरतात. इंजिन खडखडलं तर सहसा दोष मॅगचा नसतोच. खालच्या एखाद्या प्लगमध्ये एव्हगॅसमधलं शिसं नाहीतर तेल साचलेलं असतं. मिश्रण पातळ करून थोडं जोरात चालवलं की बऱ्याचदा मोकळं होतं. उलट कुणी हसत येऊन सांगितलं, "सर, एकदम झकास, ड्रॉपच नाही!", की मी हातातलं काम टाकून उठतो. घट नाही याचा सरळ अर्थ, जो मॅग बंद व्हायला हवा होता तो बंद झालाच नाही. ठिणगीचं टायमिंग पुढे सरकलं असेल तरीही घट कमी दिसते. या यंत्रात चांगल्या आकड्यावर माझा विश्वास सगळ्यात कमी.

दर पाचशे तासांनी मॅग उतरवून उघडायचा असतो. शिकवणीच्या विमानाचे पाचशे तास बघता बघता भरतात, आणि तेव्हा हमखास कुणीतरी विचारतं, नीट चालतोय तर कशाला उघडायचा? उघडल्यावर उत्तर समोर येतं. पॉइंट्सचा, म्हणजे प्रायमरीचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा, पृष्ठभाग दुधी करडा, जरासा खरबरीत असेल तर उत्तम. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालं असेल तर कानस लावून सुटका नाही, नवे पॉइंट्स. निळसर दिसले तर मी आधी कंडेन्सरकडे बघतो. मग डिस्ट्रिब्युटर ब्लॉक. उजेडाला तिरपा धरून हळूहळू फिरवायचा. पितळी टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगीनं आपली वेगळी वाट पाडलेली असते. पुसून ती जात नाही. पावसाळ्यात, विशेषतः समुद्राकाठच्या हवेत उभ्या राहणाऱ्या विमानांत, ही रेघ मी जास्त शोधतो. कार्बन ब्रश किती झिजला, गिअरचे दात शाबूत आहेत का, सीलमधून इंजिनचं तेल आत आलंय का, हेही त्याच बैठकीत.

खरी गंमत झिजेची आहे. पॉइंट्स जळत जातात तशी फट वाढते, ते लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. कॅमवर घासणारी टाच झिजते तसे ते उशिरा उघडतात, टायमिंग मागे येतं. दोन्ही झिजा एकमेकींना सांभाळून घेतात आणि बाहेरून सगळं आलबेल दिसतं. त्याहून वाईट म्हणजे घाईत केलेली दुरुस्ती. चुंबक तटस्थ जागेच्या काही अंश पुढे गेलं की क्षेत्राचा ताण सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेव्हाच पॉइंट्स उघडायला हवेत. हा अंतर्गत मेळ बिघडलेला असताना बाहेरून मॅगची बॉडी फिरवून टायमिंग जुळवता येतं. टायमिंग तपासायचा दिवा बरोबर लागतो, लॉगबुकात नोंद होते, आणि ठिणगी मात्र अशक्तच राहते. थंड सकाळी इंजिन सुरू होईना की सगळे स्टार्टरला दोष देतात.

सुरू होताना इंजिन इतकं सावकाश फिरतं, की मॅगला पुरेशी वीज काढता येत नाही. त्यासाठी इम्पल्स कपलिंग. ते चुंबकाला अडवून धरतं, आतली स्प्रिंग ताणते, आणि गलोलीतून खडा सुटावा तसं त्याला एकदम सोडतं. ठिणगी जोरदार पडते, शिवाय उशिरा पडते, म्हणून इंजिन उलटा झटका देत नाही. प्रॉप हातानं फिरवताना येणारा 'खटक' हाच. टायमिंग बसवताना तो खटक आधी होऊ द्यावा लागतो. डेटा प्लेटवर २५ अंश कोरलेले असतील, तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला आणून, रिंग गिअरवरची खूण फिरण्याच्या दिशेनंच गाठायची. जरा पुढे गेलं तर तेवढंच मागे घेऊन भागत नाही, गिअरमधली ढिलाई फसवते; बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं. मग नट सैल, तळव्यानं हलकी थाप, आणि दोन्ही मॅगचे दिवे एकाच वेळी.

एवढं सगळं करूनही पी-लीडच्या टोकाचा क्रिम्प कंपनानं कधी तुटेल, हे पाचशे तासांच्या तपासणीत कळत नाही. त्याला उपाय अगदी साधा आहे. विमान उभं करण्याआधी आयडलवर किल्ली क्षणभर 'ऑफ', इंजिन मरायला लागलं की लगेच 'बोथ'. मेलं नाही तर मला बोलवा, आणि तोवर प्रॉपजवळ कुणाला फिरकू देऊ नका. विद्यार्थी हे आठवणीनं करतात. पुढच्या सॉर्टीची घाई असते ती इन्स्ट्रक्टरांना.