खापरांची विद्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन पुढे पदवीधर झालेला एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी आला. ग्रीस व रोम या प्राचीन राष्ट्रांच्या कलेचा व पुराणवस्तूंचा अभ्यास पदवीनंतर करावा, असे त्याच्या मनात होते. त्याने मोठ्या आदराने आमचा सल्ला विचारला. आम्ही हसून म्हणालो, ‘‘अरे, फुटक्या मूर्तींनी व खापरांनी कोणाची चूल पेटली आहे काय?’’ तो काही बोलला नाही. सलाम करून निघून गेला, व पुढे एका कचेरीत कारकून झाला.

त्यानंतर कामानिमित्त कोल्हापुरास जाणे झाले, तेव्हा आम्ही टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय पाहिले. तेथे वीतभरही उंच नसलेली कांस्याची एक मूर्ती आहे. ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती १९४५ च्या सुमारास, रोमन घडणीच्या इतर वस्तूंसह सापडली. जुन्या ग्रीक नमुन्यावरून ती रोमन साम्राज्याच्या काळात घडविली गेली, असे तज्ज्ञ सांगतात. आम्ही इतिहास शिकवितो. पण समुद्र ओलांडून आलेल्या या पाहुण्याचे कूळ व वय कोणी, कसे ओळखले, हे आम्हांस सांगता येईना. त्याच क्षणी त्या विद्यार्थ्याचा उतरलेला चेहरा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

घरी परतल्यावर आम्ही या विद्येविषयी मिळेल ते वाचू लागलो. पहिलाच धडा आम्हांस लाजविणारा निघाला. प्राचीन कलेचा इतिहास १७६४ साली लिहून या विद्येचा पाया घालणारा जर्मन पंडित योहान विंकेलमान हा एका गरीब जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता, व पाच वर्षे आमच्यासारखाच एका लहान गावी शाळामास्तर होता. ग्रीस देश त्याने कधीच पाहिला नाही. रोममधील मूर्ती पाहूनच त्याने ग्रीक कला वर्णिली. त्यांपैकी पुष्कळ मूर्ती रोमन काळातील प्रतिकृती होत, हे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. तरीही त्याचा मान उणा झाला नाही. कारण मूर्तीची स्तुती करून न थांबता तिचा काळ व शैली यांची विचारणा करावी, ही वाट त्यानेच घातली.

दुसरे नाव ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन बीझली यांचे. अथेन्सच्या चित्रित कुंभांवर चित्रकाराची सही क्वचितच आढळते. बीझली यांनी हजारो कुंभ न्याहाळून, कान, घोटा, वस्त्राची चुणी अशा बारीक रेघांवरून एकेका चित्रकाराचा हात वेगळा काढला. ज्याचे नाव कळण्यास मार्ग नाही अशा एकास, बर्लिनमधील एका कुंभावरून, त्यांनी ‘बर्लिन चित्रकार’ म्हटले. हे वाचून आम्हांस हसू आले. नाव न घातलेली वही हाती आली, तर ‘ळ’च्या वळणावरून ती कोणाची हे आम्हीही सांगतो! वह्या तपासून तपासून जो डोळा आम्हांस लाभला, तोच तेथे विद्येचे साधन आहे.

कोणी म्हणेल, परक्यांच्या मडक्यांशी आपणांस काय कर्तव्य? याचे उत्तर पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे मिळते. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे खोदकाम केले, तेव्हा इटलीतील आरेत्सो गावच्या नावाने ओळखली जाणारी तांबडी खापरे मिळाली. तशी भांडी कोणत्या काळी होत असत, हे युरोपात आधीच ठरले होते. त्यांच्या आधाराने, सोबत सापडलेल्या देशी खापरांचाही काळ लावता आला. आणि तशीच देशी खापरे अन्यत्र मिळाली, तेव्हा तेथील थरांचे वय अजमावण्यास खूण झाली. इटलीच्या कुंभाराने दक्षिण भारताच्या इतिहासास जणू घड्याळच लावून दिले.

ही विद्या सोपी नव्हे. ग्रीक व लॅटिन तर याव्यातच. शिवाय जर्मन, फ्रेंच व इटालियन वाचता आल्या पाहिजेत. केंब्रिजसारख्या ठिकाणी मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींपुढे उभे राहून डोळा तयार करावा लागतो. आणि अथेन्स येथे १८८६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश स्कूलसारख्या संस्थेत राहून प्रत्यक्ष स्थळे पायांखाली घालावी लागतात. एवढे करूनही नोकरीच्या जागा थोड्याच. तेव्हा आमचा चुलीचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण तो आम्ही सर्वांत आधी विचारला, आणि तोही हसून. आमची स्वतःची एम. ए. होण्याची इच्छा घरच्या अडचणींमुळे राहून गेली होती. तिचा कडवटपणा त्या हसण्यात मुळीच नव्हता, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाही.

आम्ही त्या विद्यार्थ्यास पत्र लिहून क्षमा मागितली. त्याचे उत्तर आले : ‘‘सर, आता घरची जबाबदारी माझ्यावर आहे. मात्र धाकट्या बहिणीस इतिहासाची गोडी आहे. तिला ती मूर्ती दाखवावयास कोल्हापुरास नेईन.’’ पत्रात आम्हांस दोष देणारा एकही शब्द नव्हता. म्हणूनच ते आम्ही जपून ठेविले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या मनातील विषय घेऊन आमच्याकडे निःशंक या. चुलीची गोष्ट आम्ही काढूच, कारण ती काढणे आमचे कर्तव्य आहे; परंतु त्याआधी तुमचे म्हणणे पुरते ऐकून घेऊ.