गोधडीतील माती

कुंचला व तैलरंग बाजूस सारून, रंगविलेल्या कापडातून भूमी आणि स्मृती यांचा शोध घेणारे कलावंत आता आपल्याकडेही आहेत. बडोद्याच्या लावण्य मणि यांनी वनस्पतिज रंगांनी सुती कापडावर वसाहतकाळाचा इतिहास चितारला आहे. अशा कृतींचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु शिरूर-दौंडकडच्या घरांतून घडी घालून ठेवलेली गोधडी हेच कार्य पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे करीत आली आहे, याचे भान आम्हां सुशिक्षितांस फारसे नसते.

जुन्या लुगड्याधोतरांचे थर अंथरून त्यांवर धावदोरा घालावयाचा, एवढीच तिची कृती. पण हे लुगडे सासूचे, हा खण माहेरचा, हे धोतर नांगर धरणाऱ्या आज्याचे, असे प्रत्येक ठिगळ शिवणारीस पाठ असते. तिला ती गोधडी पोथीसारखी वाचता येते.

कापडाचा तांबडा रंग तर एके काळी खरोखरच जमिनीतून निघत असे. आल नावाचे झाड खोल काळ्या जमिनीत तीनचार वर्षे वाढवून त्याच्या मुळ्या खणीत. मुळांची साल व तुरटी यांच्या योगाने सुतावर पक्का रंग चढे. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठवर्गीय मुळांतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले. १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. स्वस्त रंगांपुढे आलीची शेती मोडली. कापडास मातीची आठवण राहिली नाही. राहिली ती केवळ माणसांची.

आता तीही धोक्यात आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने भोवतालच्या शिवारांचे रूप पालटले, आणि घरोघर विकतच्या रजया आल्या. याविषयी आमची तक्रार नाही. उबेला इतिहास लागत नाही. आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. चित्रशाळेतील कापडाखाली कलावंताचे नाव असते. गोधडीवर ते कोठेच नसते. ती वाचणारी म्हातारी गेली म्हणजे त्या चिंध्या मुक्या होतात. म्हणून ज्यांच्या घरी अशी आजी अद्याप आहे, त्यांनी एक दुपार तिच्यापाशी बसून, कोणते ठिगळ कोणाचे, कोणत्या शेतावरच्या माणसाचे, एवढे तरी वहीत उतरून घ्यावे. शेत विकले गेले तरी त्याचा धनी कोण होता, हे त्या वहीत राहील. आणि शिवणारीचे नावही पहिल्याने कोठे तरी लिहिले जाईल.