तीन वायरी, दोन रंग

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, वसमत

पहाटे आईची हाक आली. नहाणीच्या नळातून पाण्याबरोबर वाफ येत होती. गीझरचा थर्मोस्टॅट चिकटलाय. पाणी कितीही तापलं तरी लाईन तोडत नाही. त्यावर दुसरा पहारा कटआऊटचा असतो, पण तो कधीकाळी कुणीतरी वायरीचा तुकडा जोडून निकामी करून ठेवलेला. ते पाहून पोटात गोळा आला. आई रोज याच्याखाली बसते.

१५ डिसेंबर, रविवार

नवा थर्मोस्टॅट आणला. घरातली वायरिंग वडिलांच्या वेळची, लाकडी पट्टीवरची. गीझरजवळ तीन वायरी निघतात: एक काळी, दोन लाल. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, एवढं पाठ आहे. गीझरच्या आत मात्र तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. भिंतीत हिरवी नाहीच. बंडल संपलं असेल, उरलेल्या लाल वायरीवर भागवलं असेल.

बटण बंद केलं. हीटरच्या एका टोकाला टेस्टर लावला, पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथंही पेटला. झाकण बसवलं आणि मेन खाली करून टाकली. आज पाणी चुलीवर.

१६ डिसेंबर, सोमवार

दुपारी लाईन गेली. धाकटा म्हणाला, "आताच करून घे की दादा." वायरमनकाकांना फोन लावला. "हात लावू नको लेकरा. लाईन गेली म्हणजे बंद झाली नव्हं. ती कवाबी येते. बंद आपण करायची." शिवाय घरात इन्व्हर्टर आहे, बाहेर अंधार असला तरी वायरीत जीव असू शकतो.

२२ डिसेंबर, रविवार

काका आले. आधी मीटर चालू सॉकेटला लावून दाखवला: २३० च्या आसपास. मग मेन बंद, इन्व्हर्टर बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. गीझरवर मोजलं, शून्य. मेनच्या वरच्या, सप्लायच्या टोकांना मीटर पुन्हा लावला, तिथं २३०. मधल्या वेळात मीटरच बिघडला असता तर शून्यानं जीव घेतला असता.

तिन्ही वायरी सोडवून एकमेकींपासून लांब धरल्या. कागदाच्या चिठ्ठ्या गुंडाळल्या: अ, ब, क. रंग लिहायचाच नाही, म्हणाले. एक लांब वायर नहाणीपासून मेन बोर्डापर्यंत ओढली आणि मीटर बझरवर ठेवला. अ, म्हणजे काळी: सरळ फेजच्या फ्यूजपाशी बझर वाजला, मधे बटण नाहीच. ब, लाल: न्यूट्रलला वाजला, आणि मी नहाणीचं बटण दाबलं की थांबला. म्हणजे बटण न्यूट्रलवर. बटण बंद केलं तरी फेज हीटरमधून पलीकडच्या टोकापर्यंत पोचत होती. गेल्या रविवारी टेस्टर दोन्हीकडे पेटला तो त्यामुळं. क कुठंच वाजेना.

क चं टोक शेवटी मधल्या बोर्डात सापडलं. टेप गुंडाळून मागं दडपलेलं, कशालाच न जोडलेलं. गीझरच्या लोखंडाला अर्थ कधी मिळालाच नव्हता. आई दारात उभी होती. काकांनी तिला काही सांगितलं नाही, मीही नाही.

हीटर मोजला: २७ ओम. २,००० वॉटच्या हीटरला २३० व्होल्टवर साडेसव्वीसच्या आसपास यायला हवेत. हीटर धड आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

नहाणीची वायर नवी ओढली: लाल, काळी, हिरवी. बटण फेजवर आणलं, थर्मोस्टॅटही फेजवर. कटआऊट नवा. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा, पाईप, कोळसा, मीठ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून काकांनी बजावलं, मार्चपासून त्यात पाणी ओतत राहा. मेनपाशी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, वीज कुठं गळली की लाईन तोडणारी. चाचणीचं बटण दाबलं, टक्कन पडली. धाकट्याला तीनदा दाबायला लावलं.

अ, ब, क च्या चिठ्ठ्या तारीख घालून बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवल्या आहेत. आईनं विचारलं, "सैपाकघरातली फळी कवा उघडायची?" काका शुक्रवारी मोकळे आहेत.