न उडालेली विमाने

घरी आलेले पाहुणे देवघरास नमस्कार करून बाहेर आले म्हणजे आमच्या काचेच्या कपाटापाशी हमखास थबकतात आणि आतील चिमुकल्या विमानांकडे बोट करून विचारतात, “ही कोणत्या देशाची?” या साध्या प्रश्नास सरळ उत्तर देणे आम्हांस आजवर साधलेले नाही. कपाटातील निम्मी विमाने कोणत्याच देशाने कधी बांधलेली नाहीत. ती आम्ही बांधली आहेत, आणि तीही चार निरनिराळ्या विमानांचे अवयव एकत्र करून.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच आणून विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद मूळचा विलायतेचा. १९३६ साली तिकडे ‘फ्रॉग’ या नावाने असे पहिले संच निघाले, आणि १९५३ साली ‘एअरफिक्स’चे स्पिटफायर स्वस्त पिशवीतून विकले जाऊ लागल्यावर तो घरोघर पोहोचला. बहात्तरास एक हे त्याचे रूढ प्रमाण. सहा फूट उंचीचा वैमानिक या मापात बरोबर एक इंच होतो. या छंदिष्टांतच पुढे एक निराळा पंथ निघाला. संचाबरोबर आलेला सूचनांचा कागद बाजूस सारायचा, एका खोक्यातील धड घ्यायचे, दुसऱ्यातील पंख, तिसऱ्यातील शेपटी, आणि ‘असे झाले असते तर?’ या प्रश्नाचे उत्तर विमानरूपाने मेजावर उभे करायचे. इंग्रजीत यांना ‘व्हॉट-इफ’ म्हणतात, आणि या पंथातील मंडळी लाडाने ‘व्हिफ’. आम्ही त्यांना ‘जर-तरची विमाने’ म्हणतो.

हे पोरखेळ वाटेल खरे. परंतु या खेळास एक कडक नियम आहे. असत्य एकच असावे, बाकी सर्व सत्य. इतिहासाच्या एकाच सांध्यात आपण बोट घालायचे, आणि त्यानंतर रंग, क्रमांक, चाकांची जाडी, इंधनाच्या टाक्या हे सर्व त्या एका असत्याशी प्रामाणिक राहून ठरवायचे. दोन असत्ये झाली की विमान विमान राहत नाही, दशावतारातले सोंग होते.

आमचे पहिले जर-तरचे विमान म्हणजे ‘मारुत’. हे नाव वेदांतील मरुद्गणांवरून आलेले, म्हणून त्याविषयी आम्हांस आधीपासूनच जिव्हाळा. फोके-वुल्फ १९० रचणारे जर्मन योजक कुर्ट टँक यांनी बंगळुरास राहून त्याची आखणी केली, आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम आकाशात नेले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचा संकल्प होता. परंतु ज्या ऑर्फियस १२ या इंजिनावर सारी भिस्त, त्याचे काम विलायतेत अर्ध्यावरच सोडून देण्यात आले, आणि मारुतच्या देखण्या देहात कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ ची जोडी बसवावी लागली. ध्वनीच्या वेगापाशीच ते अडखळले. अशी १४७ विमाने झाली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटावर त्यांनी चोख कामगिरी केली, तरी जन्मीची उणीव गेली नाही. ती आम्ही भरून काढली. जॅग्वारच्या संचातील जोड-धूरनळ्या कापून मारुतच्या शेपटीत बसविल्या, सांधे पुट्टीने भरले, चारशेपासून हजारपर्यंतच्या पॉलिश कागदांनी घासले, आणि अस्तराचा करडा रंग मारला. अस्तर मोठे निष्ठुर असते. जी फट बोटास लागत नाही, ती ते डोळ्यांस दाखविते. तीन वेळा भरून तीन वेळा घासल्यावर मारुत अखेर जसे व्हावयाचे होते तसे झाले. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे सांगावयास लाज वाटत नाही. सुरंजन दास मात्र १९७० साली मारुतच्याच एका सुधारित नमुन्याच्या अपघातात गेले, आणि त्या नमुन्यात बसविली होती ती इंजिनाची ताकद वाढविण्याचीच सोय. ही गोष्ट आम्हांस धूरनळ्या चिकटवून झाल्यावर कळली.

निरनिराळ्या संचांचे भाग जुळविणे हे काही परके काम नव्हे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. अंत्रुजातील आपली देवळेच पाहा. घुमटी एका घराण्याची, खिडक्यांच्या कमानी आणि कठडे फिरंगी वळणाचे, दीपस्तंभ मजल्यामजल्यांचा, आणि आत गाभाऱ्यात आपला देव. ज्या कारागिरांच्या हाताला चर्च बांधण्याची सवय झाली होती, त्याच हातांचे वळण देवळांतही उतरले. सांधे कुठे आहेत हे शोधू गेल्यास सापडतात, पण इतक्या पिढ्यांच्या चुन्याने ते असे बुजले आहेत की भाविकाच्या दृष्टीस पडत नाहीत. आमची पुट्टी इतकी चांगली नाही. आणि जर-तरचा प्रश्न तर आपल्या कुळांना जन्मापासूनच चिकटलेला. मंगेश कुशस्थळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. ते आले नसते तर? वेर्ण्यास जुन्या जागी आता म्हालसेचे मंदिर पुन्हा उभे आहे, आणि तेथे गेल्यावर हा प्रश्न मनात आला नाही असा गोंयकार विरळा.

असो. ज्या विमानासाठी हे लिहावयास बसलो, ते सेबर.

ऑगस्ट १९६१ मध्ये पोर्तुगालने आपल्याकडील अमेरिकी बनावटीची आठ एफ-८६ सेबर विमाने आफ्रिकेतील गिनीत, बिसावच्या तळावर पाठविली. गोव्यात मात्र त्यांचे एकही लढाऊ विमान नव्हते. हे वाचताना आमच्या मनात सांधा सापडला. ती आठ विमाने बिसावऐवजी दाबोळीस आली असती तर? असत्य एकच, तेही नकाशावर बोट थोडे सरकविण्याइतके. अमेरिकेने ही विमाने अटलांटिक संरक्षणासाठी दिली होती, आणि तिच्या दडपणामुळे १९६४ साली ती बिसावहूनही परत न्यावी लागली. तेव्हा दाबोळीचा मुक्काम औट घटकेचाच ठरता. पण खेळास तेवढे पुरे होते.

सेबरचे धड एका जुन्या, पंख हरवलेल्या संचातून मिळाले. समुद्रावर लांब गस्त घालावयाची, म्हणून त्यास पंख दिले ते त्याच्याच आरमारी भावाचे, एफजे-४ फ्युरीचे. फ्युरीच्या आखणीत इंधन मुद्दामच अधिक साठविलेले, त्यामुळे कल्पना तर्कास धरून होती. पण प्लॅस्टिकने ती मानली नाही. पंखाचे मूळ धडाशी बसेना. पातळ पत्र्याच्या चकत्या कापून फट भरण्यात पंधरा दिवस गेले. अवघे सोळा सेंटिमीटर लांबीचे ते विमान, पण कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंत मेज त्यानेच अडविले. शेवटी चंदेरी रंग वाळला, आणि राहिली ती फक्त निशाणे. पाण्यात भिजवून कागदावरून सरकविण्याची ती चित्रे. पांढऱ्या वर्तुळात ख्रिस्ताचा तांबडा क्रूस.

त्याच दिवशी चिखलीहून आमची मावशी आली होती. वय ऐंशीच्या घरात, दृष्टी अजून शाबूत. मेजापाशी येऊन तिने विचारले, “हें कोणाचें विमान?”

आम्ही म्हटले, “पाखल्यांचे. दाबोळीचे.”

तिने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि खाली ठेवले. “तेन्ना हें नाशिल्लें मरे,” ती म्हणाली.

नव्हते, हे आम्हांस ठाऊक होतेच. त्यासाठीच तर ते बांधले होते. तसे आम्ही तिला समजावू लागलो. ती ऐकत राहिली, आणि मग तिने सांगितले ते असे. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी ती घरामागच्या परसात होती. कॅनबेरा विमाने आली आणि दाबोळीच्या सड्यावर बाँब पडले. घरातील शिंक्यावरची मडकी एकमेकांवर आपटली. आजोबांनी सर्वांस देवघरात बसविले. बाँब पडले ते धावपट्टीवर. इमारती राखावयाच्या असा आपल्या वैमानिकांना हुकूम होता, हे आम्ही पुढे वाचले. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र फोडले, आणि आकाशात त्यांना अडविणारे कोणी नव्हते. “तुझे हे असते,” मावशी सेबरकडे पाहून म्हणाली, “तर त्यांची मारामारी कुठे झाली असती? आमच्याच घरावर ना?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. विमानाचा पल्ला आम्ही मोजला होता, इंधन मोजले होते, क्रमांक कोणत्या अक्षरात लिहावयाचा हेही ठरविले होते. चिखलीचे घर त्या हिशेबात कुठेच आले नव्हते. मारुतच्या असत्याने कोणाचे घर पडत नव्हते, म्हणून ते इतके गोड लागले. येथे सांधा भरता भरता आम्ही आपल्याच आजोबांच्या कौलांवर तोफा रोखल्या होत्या, आणि पंख नीट बसेना एवढेच आम्हांस दुःख होते.

मावशी बोलत होती तोवर वाटीतील चित्र कागदावरून सुटले आणि पाण्यावर तरंगू लागले. फार वेळ भिजले की त्याचा डिंक जातो. मग ते चिकटत नाही. आम्ही ते काढले नाही.

चहा घेताना तिला आणखी एक आठवले. त्या रात्री, सगळीकडे काळोख असताना, सड्यावरून एक मोठे विमान उठले. फार वेळ घरघर चालली होती, आणि आजोबा म्हणाले, पाखले पळाले. ती आठवण खरी आहे. धावपट्टीलगत दोन प्रवासी विमाने उभी होती, त्यांतले एक कॉन्स्टेलेशन. रात्री पट्टीवरील खड्डे थोडेफार बुजवून ती दोन्ही कराचीकडे निसटली. बाँब टाकणाऱ्यांनी त्यांस मुद्दाम हात लावला नव्हता.

“ते केलेस काय?” तिने विचारले.

केले नव्हते. त्यात जर-तर काहीच नाही म्हणून ते आमच्या मनासही आले नव्हते.

सेबर अजून मेजावरच आहे, चंदेरी आणि निशाणाविना. त्याच्या शेजारी आता कॉन्स्टेलेशनचे मोठे खोके येऊन पडले आहे, आणि कोणत्याही दुसऱ्या संचाचा एकही भाग त्यात घालावयाचा नाही असे आम्ही ठरविले आहे. गेल्या रविवारी मावशीला चौकटीला लगडलेले भाग दाखविले. तिने चष्मा पुसला, बोटाने चाचपून मोजले, आणि मान डोलाविली.

“शेंपड्यो तीन आशिल्ल्यो,” ती म्हणाली. “बरोबर.”