स्टुलावरचं एक मिनिट

जुन्या बॉक्सरांना पोटात मारता यायचं, आताच्यांना ते जमत नाही, असं फोंड्यात आमचा सराव बघायला येणारे जुने खेळाडू हमखास म्हणतात. मला ते पटत नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्सवर पंचांच्या निकालाने उघड अन्याय झाला आणि १९९२ पासून गुण संगणकावर मोजले जाऊ लागले. पाचांपैकी तीन पंचांनी सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच ठोसा धरायचा. बरगडीखाली बसलेला हुक रिंगच्या पलीकडे बसलेल्या पंचाला दिसणार कसा? मग आम्ही प्रशिक्षकांनीच तो शिकवणं कमी केलं. लांबून, सरळ, डोक्यावर मारा नि मागे सरा! विजेंदर सिंगचं बीजिंगचं कांस्यपदक त्याच काळातलं, दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांचं. २०१३ पासून फेरीगणिक दहा गुणांची पद्धत आली आणि पोटातले ठोसे परत दिसू लागले. कसब जोखताना आधी त्या वेळचे नियम बघावेत ते यासाठी.

मनाच्या कणखरपणाचा विषय निघाला की व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या जुन्या पंधरा फेऱ्यांच्या लढतींचा दाखला येतो. १९७५ साली मनिलात मुहम्मद अलीशी लढताना चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझरला धड दिसत नव्हतं, तरी तो उठायला तयार होता. लढत थांबवली ती त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी. त्या दिवसाचं मोठं धाडस मला फच यांचं वाटतं. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन बॉक्सर चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर एकेक संघटना बारा फेऱ्यांवर आली. किती मार खाल्ला यावरून कणखरपण ठरवणं मी कधीच मानणार नाही.

मी बघतो ते दोन फेऱ्यांमधलं मिनिट. पोर स्टुलावर टेकतं. माउथगार्ड काढून घ्यायचा, चूळ भरायला पाणी द्यायचं, मानेवर ओला टॉवेल ठेवायचा. सुरुवातीला त्याला काही ऐकूच येत नसतं, तेव्हा बोलायचं नाही. श्वास उतरला की डोळे आपल्याकडे वळतात. मग एकच गोष्ट सांगायची: ‘जॅब मारल्यावर त्याचा डावा हात खाली येतो. वरून उजवा घाल.’ घंटा झाल्यावर, नाकातून रक्त येत असतानाही, ते ज्याच्या हातून होतं तो माझ्या लेखी कणखर. टोकियो ऑलिंपिकमध्ये लवलीना बोर्गोहेनने पूर्वी तिला हरवणाऱ्या चेन निएन-चिनला ४-१ नं हरवलं, ते अंतर राखून, घाई न करता. किन्शासात दोरांना टेकून फोरमनला दमवणाऱ्या अलीच्या पंक्तीला मी तिला खुशाल बसवतो. काळ वेगळा, फेऱ्या वेगळ्या, पण डोकं तितकंच थंड.

सरावात तिसऱ्या फेरीआधी मी हल्ली मुद्दाम डावपेच बदलून सांगतो. डिचोलीहून बसनं येणारी एक मुलगी दमली की हात खाली सोडते, पण सांगितलेलं एकदाही विसरत नाही. हात वर ठेवायला शिकवता येतं. पुढच्या स्पर्धेत तिला उतरवणार आहे.