सुलतानाच्या तंबूतला फकीर

असिसीचा ख्रिस्ती संन्यासी फ्रान्सिस गेले काही दिवस मनातून जातच नाही. साल १२१९. इजिप्तमध्ये दमिएत्ताला ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा वेढा पडलेला, दोन्हीकडे माणसं मरताहेत. अशात ठिगळांचा झगा, कमरेला दोरी आणि एक सोबती एवढ्यानिशी हा थेट सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला. सुलतानाने ख्रिस्ती व्हावं, हीच त्याची इच्छा होती. ते लपवण्यात अर्थ नाही. तसं घडलं नाही. पण सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. मला तर इथे सुलतानच मोठा वाटतो. आपली माणसं वेढ्यात अडकलेली असताना शत्रूच्या गोटातून आलेल्याला मान द्यायला फार मोठं काळीज लागतं.

पुढे आपल्या संन्यासी संघाच्या १२२१च्या नियमावलीत फ्रान्सिसने मुस्लिमांमध्ये राहायला जाणाऱ्या बंधूंना एक मार्ग सांगितला: वाद घालू नका, देवासाठी सर्वांपुढे नम्र राहा, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मोकळेपणाने सांगा. श्रद्धा न सोडता नमतं घ्यायचं! हे मला मनापासून पटतं.

सुलतानाची भेट मानलं जाणारं हस्तिदंती शिंग असिसीत आजही जपून ठेवलेलं आहे.