बेस गिटार कुठे ठेवायची?

बेस गिटारच्या स्टँडबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. स्टँड बुटका असावा, घडीचा असावा, गिटारच्या बॅगेच्या खिशात मावणारा असावा. वाद्य जमिनीच्या जितकं जवळ तितकं सुरक्षित, असं मी मानत होतो आणि नव्याने बेस वाजवायला लागलेल्या मुलामुलींनाही तेच सांगत होतो. आज मी तसं सांगत नाही. रंगमंचासाठी मी आता उंच, जड, तीन पायांचा आणि गिटारला नेकपाशी धरून लटकवणारा स्टँड सुचवतो. माझं मत इतकं का पालटलं, ते मला मनापासून मांडायचं आहे. त्या ओघात ‘मजबूत’ कशाला म्हणायचं याबद्दलची माझी समजूतही बदलत गेली.

जुन्या मतामागे विचार होता आणि त्यातलं बरंचसं आजही मला मान्य आहे. इंग्रजी ए अक्षरासारखा उघडणारा बुटका स्टँड वजनाला हलका असतो. लोकल किंवा एसटीने बॅग पाठीला लावून तालमीला जाणाऱ्या वादकाला तो परवडतो आणि पेलतो. सांधे कमी, म्हणून ढिलं पडण्यासारखंही फारसं काही नाही. शिवाय माझ्यावर संस्कार बैठकीचे होते. तिथे तंबोरा गवसणीत आडवा निजवतात, तबला गादीवरच असतो, वाद्य कायम जमिनीलगत. वाद्याला पाय लागू नये ही काळजी प्रत्येकालाच असते आणि ती सहज पाळली जाते, कारण चपला बाहेर असतात आणि माणसं बसलेली असतात. जमिनीलगतचं वाद्य सुरक्षित, ही माझी धारणा तिथून आलेली होती.

बेस गिटार मात्र बैठकीचं वाद्य नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधीचा डबल बेस माणसापेक्षा उंच, न्यायला-आणायला अवघड. पण त्याची एक सोय होती. वाजवून झालं की वादक त्याला कुशीवर निजवून ठेवत असे आणि रुंद पोकळ पेटीच्या कडेवर तो निवांत पडून राही. फेंडरच्या भरीव लाकडी वाद्याला अशी कूसच नाही. तारेची लांबी ब्रिजपासून नटपर्यंत ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. फेंडरच्याच सहा तारांच्या गिटारला ती साडेपंचवीस इंच असते. अख्खं वाद्य सुमारे ११७ सेंटिमीटर उंच आणि चार किलोच्या आसपास वजनाचं. त्याचा तोल बॉडी आणि नेक जुळतात त्या भागाच्या जवळपास साधतो आणि त्याच्या वर हातभर लांबीचा नेक मोकळा उभा राहतो.

हा मोकळा नेकच मला विचार करायला लावणारा ठरला. वाद्य आणि हलका स्टँड मिळून पाच किलो धरू. स्टँडची रुंदी तीस सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पंधरा. आता जमिनीपासून एक मीटर उंचीवर नेकला बाजूने धक्का लागला, तर सगळं कलंडायला पाऊण किलोचा जोर पुरतो. घाईत निघालेल्या माणसाचं कोपर त्याहून कितीतरी जास्त जोर लावतं. त्यात बुटक्या स्टँडमध्ये गिटार नुसती टेकलेली असते, तिला धरून ठेवलेलं नसतं. त्यामुळे स्टँड कलंडण्याआधीच ती त्याच्या कुशीतून घरंगळू शकते. गुरुत्वमध्य खाली असण्याचा फायदा खराच आहे, पण धक्का गुरुत्वमध्यावर बसत नाही. तो नेकवर बसतो, नाहीतर जॅकमध्ये अडकलेल्या केबलला बसतो.

मग मी लटकवणाऱ्या स्टँडकडे नव्याने पाहिलं. हर्क्युलिससारख्या कंपनीच्या स्टँडमध्ये वरच्या जबड्यावर वाद्याचं वजन आलं की दोन्ही बाजूंचे आकडे आपोआप मिटतात आणि वाद्य उचललं की उघडतात. नेक तिथून सहजासहजी निसटत नाही. केबलला कोणाचा पाय अडकला, तर खाली लोंबणारी बॉडी झुलते आणि परत जागेवर येते. बुटक्या स्टँडवर तोच हिसका वाद्याला खाली खेचतो. टेकवलेलं वाद्य ढळलं की ढळलं. टांगलेलं वाद्य ढळलं तरी स्वतःच्या वजनाने सावरतं. माझं मत फिरवणारा पहिला मुद्दा हा.

पण हेच गणित पुढे नेलं तर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती लपवणं योग्य नाही. जड स्टँड चार किलोचा धरला, तर एकूण वजन आठ किलो होतं. तीन पाय मध्यापासून तीस-तीस सेंटिमीटरवर समान पसरलेले असले, तरी दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर फक्त पंधरा सेंटिमीटरच भरतं. म्हणजे पाय ज्या दिशेला आहे तिकडे स्टँड भक्कम, पण दोन पायांच्या मधल्या दिशेला त्याची ताकद निम्मी. त्या कमकुवत दिशेला, मीटरभर उंचीवर, तो सव्वा किलोच्या आसपासच्या जोराने कलंडायला लागतो. बुटक्या स्टँडपेक्षा हे नक्कीच बरं, पण यावर निर्धास्त राहता येत नाही.

इथून माझा विचार स्टँडच्या लोखंडावरून रंगमंचावर गेला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहात पायाखाली सलग लाकडी जमीन मिळते. गणपतीच्या किंवा नवरात्रीच्या मांडवात लोखंडी सांगाड्यावर प्लायच्या फळ्या टाकलेल्या असतात, वर गालिचा अंथरलेला. फळ्यांमधल्या फटी त्याखाली झाकलेल्या असतात आणि स्टँडचं एक पाऊल नेमकं फटीवर येऊ शकतं. लावणीचा किंवा लेझीमचा ताफा नाचू लागला की अख्खा मंच खालीवर होतो. बेसची सगळ्यात खालची ई तार सेकंदाला ४१ कंपनं करते, पाच तारांच्या बेसची बी तार सुमारे ३१. मोठ्या स्पीकरमधून निघणारी ही कंपनं मंचाच्या लाकडातून स्टँडपर्यंत पोचतात आणि आवळलेले स्क्रू हळूहळू सैलावतात. म्हणून मी आता मध्यंतरात स्टँडचा प्रत्येक स्क्रू हाताने तपासतो. गिटार ठेवण्याआधी व्हॉल्यूमचं बटण पूर्ण बंद करतो, कारण मोकळ्या तारा त्या कंपनांनी आपोआप गुंजायला लागतात. पट्टा खाली लोंबत ठेवत नाही आणि केबल काढून घेतो.

स्टँडची जागाही मी आता साऊंड चेकच्या वेळीच ठरवतो. गायिका कोणत्या विंगेतून येणार, निवेदक कुठून जाणार, नाचणारी मुलं कोणत्या बाजूने धावत बाहेर पडणार, हे विचारून घेतो. स्टँड अँपच्या अगदी शेजारी ठेवतो आणि दोन पायांमधली कमकुवत बाजू अँपकडे करतो, म्हणजे तिकडे कललाच तर आधार मिळतो. पायांपैकी एकही येण्याजाण्याच्या वाटेत येऊ देत नाही. रुंद पायांचा स्टँड चुकीच्या जागी ठेवला, तर लोकांना अडखळायला तो स्वतःच कारण होतो.

बेस गिटार म्हटली की सगळ्यांनाच हा सल्ला लागू पडतो, असं नाही. नेड स्टाइनबर्गर यांच्या बेसला हेडस्टॉकच नसतो, त्यामुळे तो अशा जबड्यात अडकत नाही. त्याला खालून आधार देणाराच स्टँड हवा. पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे जगाला माहीत झालेला हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस पोकळ आणि बराच हलका. त्याला टांगणं सोपं आहे, पण जरा जास्त जोराचा हिसका लागला तर वजन कमी असल्याने तो अधिक झुलतो. गिब्सनच्या थंडरबर्डसारख्या महोगनी नेकच्या वाद्यांचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. असं वाद्य पाठीवर पडलं की नटच्या मागे, जिथे लाकडाचे तंतू आखूड होतात, तिथेच तडा जाण्याची भीती असते. अशा वाद्याला नेक धरणाऱ्या स्टँडची गरज सर्वांत जास्त. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या वाद्यांना काही प्रकारचं रबर बाधतं. स्पर्शाच्या जागी पॉलिश मऊ पडून डाग उठतो. तिथे रबरावर सुती कापड गुंडाळावं.

उंच स्टँडची किंमत जास्त आहे आणि तीन-चार किलोचं ओझं वाढतं, हे मला ठाऊक आहे. गर्दीच्या वेळी तो लोकलमधून नेणं जड जातं. तालमीला, घरी किंवा चार जणांच्या छोट्या मैफलीला मी आजही बुटका स्टँड वापरतो, कारण तिथे येजा नसते आणि भिंत जवळ असते. मोठ्या मंचावर मात्र ते वजनच आपल्या कामी येतं.

या सगळ्या विचारात मला सर्वांत मोलाचं काय हाती लागलं, तेही सांगतो. पूर्वी मी स्टँडकडे माझ्या वाद्याची सोय म्हणून पाहत होतो. पण बेस स्टँडवर असतो, तेव्हा मी बहुधा तिथे नसतो. त्याच्याजवळून वावरणारी माणसं वेगळी असतात: अंधारात माइक हलवणारा साऊंडवाल्यांचा मुलगा, पडदा पडताच फुलदाण्या उचलायला धावणारा कार्यकर्ता, घामेजलेल्या अंगाने विंगेत शिरणारी नर्तिका. आपापलं काम करताना कोणा दुसऱ्याचं मौल्यवान वाद्य आपल्या हातून पडेल की काय, हे ओझं त्यांच्या मनावर का असावं? वाद्य नीट अडकवून, बाजूला, आधाराशी ठेवणं ही त्या माणसांबद्दलची माझी जबाबदारी आहे, असं मी आता मानतो.

म्हणून कोणी स्टँड कोणता घेऊ असं विचारलं, की मी आधी उलट विचारतो: वाजवतोस कुठे, तुझ्या आसपास कोण वावरतं, आणि तुझ्या गिटारचा हेडस्टॉक कसा आहे? ही उत्तरं मिळाली की दुकानात जाऊन स्टँड उघडून पाहावा, त्यावर स्वतःचाच बेस टांगावा आणि नेकला बोटाने चारही बाजूंनी ढकलून बघावं. संयोजकांनाही माझी विनंती आहे. मंचाची आखणी करताना माइक आणि मॉनिटरच्या जागा कागदावर काढता, तशीच वाद्यांच्या स्टँडचीही एक जागा काढा आणि ती जागा कार्यक्रमभर मोकळी ठेवा. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही आणि मंचावरचा प्रत्येक जण मोकळेपणाने वावरू शकतो.